कड्यावरची जुनी घरटी

घळीच्या काठावरच्या त्या दुमजली घरात दोन जावई राहायचे, आणि दोघेही घरजावई. एखाद्या घरात एक घरजावई असला तर गल्लीला वर्षभर चघळायला पुरतो; इथे दोन होते, म्हणून गल्लीने कंटाळून तो विषय केव्हाच सोडून दिला होता. सासऱ्यांना मुली दोनच. दोघींनी लग्नाआधी बजावलं होतं की नवरा कसाही चालेल, घर सोडणार नाही. थोरलीने घड्याळं दुरुस्त करणारा पसंत केला, धाकटीने कड्यावर दोराला लटकणारा. थोरली माडीवर, धाकटी खाली. सासरे गेले, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, तरी ही वाटणी तशीच राहिली. धाकटीचे केस पांढरे झाले तरी घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि तिच्या नवऱ्याला दोरकाका.

दोरकाकांचं काम सांगायला सोपं होतं. घळीच्या तळातून रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत. कड्यावरचे सुटे दगड आपणहून रस्त्यावर येण्याआधी माणसाने ते पाडायचे. कमरेला दोर बांधून खाली उतरायचं, हातोडीने दगड वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर त्याला नमस्कार करून पुढे सरकायचं, बद्द वाजला तर पहार घालून खाली लोटायचा. यातली एक गोष्ट शिकायला त्यांना फार वर्षं लागली होती, आणि नव्या माणसाला ती ते पहिल्याच दिवशी सांगत. हलतो तो प्रत्येक दगड सुटा नसतो. काही दगड हाताने हलतात, अगदीच कुचकामी दिसतात, पण वरच्या अख्ख्या थराचा भार त्यांच्यावर असतो. त्याला ते धरता दगड म्हणत. तो काढला की वरचं सगळं अंगावर येतं, आणि दोरावरच्या माणसाला पळायला जागा नसते.

माडीवरचे त्यांचे साडू, घड्याळजी, अगदी दुसऱ्या टोकाचे. त्यांना सगळा गाव घड्याळजीच म्हणायचा. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने श्वास रोखून ऐकावं. दुकान बंद केल्यावर त्यांनी सगळी घड्याळं माडीवर आणली होती. ती सगळी एका वेळी टोले देत, म्हणून खाली झोपणाऱ्या दोरकाकांनी सुरुवातीला पुष्कळ आदळआपट केली, आणि पुढे त्यांना त्याशिवाय झोप येईना.

या दोन साडूंचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. माडीच्या गॅलरीतून दिसणारा समोरचा कडा ही जगातली सगळ्यात बघण्यासारखी जागा आहे. घड्याळजींनी जुनी भिंगं जुळवून एक दुर्बीण केली होती, ती तिथे तिपाईवर उभी असायची. रोज संध्याकाळी दोरकाका जिना चढून वर यायचे, ताई, म्हणजे थोरली, चहा ठेवायची, आणि मग दुर्बिणीला आळीपाळीने डोळा लावून दोघे भांडायला बसायचे.

भांडण पक्ष्यांवरून. समोरच्या कड्यावर डोमकावळ्यांची एक जोडी होती आणि ससाण्यांची एक. डोमकावळे भारी कष्टाळू. थंडी सरायच्या आतच ते कामाला लागायचे. बोटाएवढ्या जाड काटक्या, त्यावर बारीक मुळ्या, आत लोकर, केस, सापडेल ते मऊ. वर्षानुवर्षं बांधत आल्यामुळे कड्यावर त्यांची चार घरटी झाली होती. एका वर्षी हे, पुढच्या वर्षी ते, असं त्यांचं चालायचं. ससाणे मात्र एक काडी आणत नाहीत. त्यांच्या जातीत घरटं बांधतच नाहीत. त्यांनी यायचं, डोमकावळ्यांचं एखादं तयार घरटं बघायचं आणि त्यात जाऊन बसायचं. मग चार दिवस कड्यावर आरडाओरडा, पिसं उडायची, डोमकावळे घशाला कोरड पडेपर्यंत शिव्या द्यायचे, आणि शेवटी दुसऱ्या घरट्यात जाऊन संसार मांडायचे.

"आला बघा तुमचा आयतोबा," दोरकाका म्हणायचे. "हात हलवायला नको, पाय हलवायला नको. तयार घरात घुसायचं."

"बांधणारे पुष्कळ असतात हो, साडूबुवा," घड्याळजी दुर्बीण पुसत म्हणायचे. "ती ससाणी वरून खाली कशी येते ते बघा. असा एक जीव कड्यावर राहतो हे कड्याचं नशीब."

"तुम्हाला नुसतं उडणं दिसतं. घाम दिसत नाही."

"कावळ्याला घाम येत नाही."

"भांडा," ताई आतून म्हणायची, "पण चहा गार करू नका."

मागच्या वर्षी ताई गेली. आजार म्हणावा असा झालाच नाही. थोडे दिवस थकल्यासारखी वाटली आणि गेली. त्यानंतरही दोरकाका रोज संध्याकाळी वर जात राहिले. चहा आता घड्याळजी करायचे, तो वाईट व्हायचा, आणि दोरकाका तो मुकाट्याने प्यायचे. भांडण मात्र त्यांनी सोडलं नाही. ताईबद्दल बोलायचं कसं हे दोघांनाही कळत नव्हतं, आणि पक्ष्यांबद्दल बोलणं येत होतं, म्हणून ते पक्ष्यांबद्दल बोलत. खरं सांगायचं तर त्या भांडणातच दोघं ताईला धरून होते.

त्याच थंडीत रस्त्याच्या कचेरीतून निवृत्त दोरकाकांना बोलावणं आलं. नवी माणसं घेतली होती, त्यांना समोरचा कडा एकदा दाखवून द्या म्हणाले. धाकटी म्हणाली, गुडघ्यांना विचारलंत का? पण तो दोर हातात आल्यावर दोरकाकांना कोण अडवणार. ते उतरले, पोरांना दगड कसा वाजवायचा ते दाखवलं, आणि दाखवता दाखवता डोमकावळ्यांच्या घरट्यांपाशी आले.

तीन घरटी जुनी होती. काटक्या काळ्या पडलेल्या, काठ विस्कटलेले, आत खडी साचलेली. चौथ्यात मात्र डोमकावळ्यांनी त्या वर्षी नव्या काटक्या आणायला सुरुवात केली होती. दोरकाकांच्या डोक्यात एक कल्पना आली आणि ते तिच्यावर इतके खूश झाले की लटकल्या लटकल्या एकटेच हसले. तीन घरटी गेली तर आयतोबा बसणार कुठे? नव्यात डोमकावळे असतील, बाकी कडा मोकळा, आणि त्यातल्या सगळ्या कपारी उताराच्या. ससाणीला अंडं ठेवायला तसूभर सपाट जागा मिळणार नाही. जाईल मग दुसऱ्या घळीत, आणि साडूबुवांची बोलती बंद. शिवाय वाळक्या काटक्या खाली पडतातच, तेव्हा कामात कामही झालं. त्यांनी पहार घातली आणि तिन्ही घरटी खाली लोटली. कोणाला बोलले नाहीत. वसंतात गंमत होईल, तेव्हा सांगू, असं ठरवलं.

गंमत झाली नाही.

डोमकावळ्यांनी अंडी घातली आणि ससाणे परत आले. जोडीने कडा पालथा घातला. काळ्या चिरेपाशी गेले, तिथलं घरटं नाही. वरच्या कपारीपाशी गेले, तिथेही नाही. मग मादीने उरलेलं एकच घरटं बघितलं, आणि त्या दिवसापासून कड्यावर जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. दर वर्षीचं भांडण म्हणजे शेजाऱ्यांचं भांडण असायचं, एक जण थोडा सरकला की मिटणारं. या वेळी सरकायला जागाच नव्हती. ससाणी दगडासारखी वरून कोसळायची, डोमकावळी अंड्यांवर पंख पसरून तोंड उघडायची, आणि तिचा नर मागून ससाणीवर झेपावायचा. सकाळी तेच, संध्याकाळी तेच.

"काय मेली हट्टी आहे," दोरकाका एका संध्याकाळी दुर्बिणीपाशी बसून म्हणाले. त्यांना राग आला होता. आपल्या युक्तीला न जुमानणाऱ्यांचा राग सगळ्यांनाच येतो. "जन्मात एक काडी आणायची नाही आणि हक्क सांगायला पुढे. दुसऱ्याच्या घरात राहायचं ते राहायचं, वर तोऱ्यात. अशांना घराबाहेरच काढायला पाहिजे."

 घड्याळजींनी कपबशा उचलल्या आणि आत नेऊन धुवायला लागले. दोरकाकांना वाटलं, हरले.

त्याच सुमाराला मुलाचा फोन आला. दोरकाकांचा मुलगा दुसऱ्या शहरात होता, त्याची इकडे बदली झाली होती. बायको आणि तान्ही मुलगी घेऊन तो येणार होता, आणि फोनवर तो सरळ विचारत होता की आम्ही राहायचं कुठे? खालच्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत दोरकाका आणि धाकटी. दुसरी मागे काढलेली, स्वतंत्र छपराची. तिच्यात दोर, पहारी, पुल्या, गंजलेल्या साखळ्या, फुटकी हेल्मेटं आणि कधी ना कधी लागेल म्हणून ठेवलेलं बाकीचं जग. ती खोली आवरा म्हणून धाकटी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होती. अख्खा कडा झाडून काढणाऱ्या माणसाने ती खोली मात्र कधी झाडली नाही.

"बघू काहीतरी," धाकटी मुलाला म्हणाली आणि फोन ठेवला.

दोरकाकांनी त्याच संध्याकाळी बघितलं. जे पडणार आहे ते आपल्या वेळेने पाडलेलं बरं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. जिना चढून ते वर गेले, चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "साडूबुवा, तुमची लेक किती दिवसांपासून बोलावतेय तुम्हाला. एकटे किती दिवस राहणार इथे? जाऊन या ना तिच्याकडे. राहा चांगले. पोरगं येतंय आमचं, माडी रिकामीच असती तर..."

वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. घड्याळजींनी मान हलवली. "हो," ते म्हणाले, "लेक बोलावतेच आहे. कळवतो तिला."

इतकंच. ना वाद, ना आवाज. दुसऱ्या दिवसापासून ते घड्याळं भिंतीवरून काढायला लागले. एकेक पुसायचे, लोलक बांधायचे, जुन्या चादरीत गुंडाळून खोक्यात ठेवायचे. शनिवारी सामानाची गाडी येणार होती. लेक फार लांब, मोठ्या शहरात, नवव्या मजल्यावर राहायची. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची.

धाकटीला हे कळलं ते जिन्यात खोकी बघून. तिने नवऱ्याला काही विचारलं नाही. वेळेवर ताट वाढलं, पण त्या दिवसापासून ती जे काही बोलायची ते भांड्यांशी. "ताईला जाऊन वर्ष नाही झालं," ती पातेल्याला सांगायची. "तिने माझ्या हातात हात देऊन सांगितलं होतं, यांच्याकडे लक्ष ठेव. आता मी तिला काय सांगू?" दोरकाका ताटावरून उठायचे आणि अंगणात जाऊन उगाच इकडचा दगड तिकडे करायचे. पोरासाठीच तर केलं, असं ते मनाशी म्हणायचे. पण ते मनाला पटत नव्हतं, आणि माडीवरच्या टोल्यांपैकी रोज एक कमी होत होता.

गुरुवारी संध्याकाळी ते सवयीने वर गेले. भिंतीवर घड्याळांच्या जागी फिकट गोल डाग होते. दुर्बीण अजून गॅलरीत होती. तिचं खोकं शेजारी उघडं ठेवलेलं.

"बघून घ्या," घड्याळजी म्हणाले. "शेवटची बांधणार आहे."

दोरकाकांनी डोळा लावला. घरटं अर्धं तुटून कपारीवरून लोंबत होतं. आतली लोकर बाहेर आली होती. अंडी नव्हती. डोमकावळ्यांची जोडी वरच्या वाळलेल्या झाडावर गप्प बसली होती, आणि डोमकावळा गप्प बसलेला दोरकाकांनी कधी पाहिला नव्हता. ससाणी खालच्या उघड्या, उतरत्या दगडावर होती. पोटाने दगड घासत ती पुनःपुन्हा बसायला बघायची आणि घसरायची. अंडं घालायची वेळ आली होती आणि ठेवायला जागा नव्हती. तिचा एक पंख खाली लोंबत होता.

दोघींचंही काही राहिलं नव्हतं. 

"जुनी घरटी असती," ते स्वतःशीच म्हणाले, "तर एक तिकडे सरकली असती."

"हो," घड्याळजी म्हणाले.

त्या एका हो मध्ये काहीतरी होतं. दोरकाकांनी दुर्बिणीवरून डोळा काढला.

"मी बघितलं होतं, साडूबुवा," घड्याळजी हळूच म्हणाले. "थंडीत. तुम्ही कड्यावर उतरलात म्हणून मी कौतुकाने दुर्बीण लावून बसलो होतो. तुम्ही प्रत्येक दगड वाजवून बघत होतात. नको तो दगड तुम्ही एकदाही काढला नाहीत. घरटी मात्र न वाजवता काढलीत."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? कडा तुमचा. मी आपला बघणारा." त्यांनी दुर्बिणीचं झाकण हातात घेतलं आणि ते फडक्याने पुसत राहिले. "नंतर तुम्ही ते घराबाहेर काढण्याचं बोललात, आणि मग माझ्या लेकीचं. तेव्हा म्हटलं, आपली पाळी आली. मी तरी या घरात कुठली काडी आणलीय? छप्पर तुम्ही घातलंत, जिना तुम्ही बांधलात. मी सासऱ्यांच्या माडीवर बसून घड्याळं लावली."

हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता.  दोरकाका उठले, जिना उतरले, आणि खाली येऊन अडगळीच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. आयुष्यभर आपण पोरांना जे शिकवलं तेच आपण विसरलो, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या लख्ख दिसलं. जुनी घरटी म्हणजे धरते दगड होती. आणि माडीवरचा म्हातारा, जो घरात कुठलं काम करत नाही असं दिसतं, त्याच्यापाशी जाऊन बसलं नाही तर आपली संध्याकाळ कुठे जाणार आहे? ताईनंतर या घराचा वरचा सगळा भार कोणावर आहे?

शुक्रवारी सकाळी त्यांनी खोलीतून दोर ओढून बाहेर काढले. दोर शोधायचे तर वरच्या पहारी काढाव्या लागल्या, पहारी काढायच्या तर साखळ्या. मग त्यांनी कोपऱ्यातल्या दोन वेताच्या टोपल्या घेतल्या, तळाला तार आवळली, आत जाड काटक्या विणल्या आणि वर बारीक खडी घातली. धाकटी दारातून बघत होती.

"वेड लागलंय यांना," ती हातातल्या झाऱ्याला म्हणाली.

दोरकाका माडीवर गेले. "साडूबुवा, पायात बूट घाला. मला वर एक माणूस लागतो."

"मी? मला दोरातलं काय कळतं?"

"कळायला काही लागत नाही. धरायचं असतं."

पूल ओलांडून दोघे समोरच्या काठावर गेले. मुख्य दोर दोरकाकांनी दोन झाडांना आवळून बांधला. त्यावर त्यांचा सगळा भार. दुसरा राखणीचा दोर त्यांच्या कमरेपासून निघून एका बुंध्याला वेढा घेऊन घड्याळजींच्या हातात आला.

"हा हळूहळू सोडायचा," दोरकाका म्हणाले. "आणि एक नियम. खालचा माणूस वर येऊन स्वतः 'दोर सोडा' म्हणेपर्यंत वरच्याने दोर सोडायचा नाही. तो वर पोचलेला दिसला तरी नाही. हात दुखले तरी नाही. आमच्यात यावर माणसाची पारख होते."

घड्याळजींनी मान हलवली आणि दोर असा धरला जसा ते लोलक धरायचे, दोन्ही हातांनी, डोळे न हलवता.

गुडघे कुरकुरले, पण हात विसरले नव्हते. पक्षी उन्हाच्या वेळी दूर गेले होते. काळ्या चिरेत दोरकाकांनी पहिली टोपली बसवली, तिला खिळ्यांनी आणि तारेने आवळलं, दुसरी वरच्या कपारीत. तुटक्या घरट्याला त्यांनी फक्त खालून दोन खुंट्यांचा आधार दिला, बाकी हात लावला नाही. त्यातलं काम ज्याचं त्याला जास्त चांगलं येत होतं. निघण्याआधी त्यांनी हातोडी काढली आणि टोपलीखालचा दगड वाजवून बघितला. खणखणीत वाजला. वरून दोर जरासा ताणलेला होता. ना ढिला, ना घट्ट. इतकी वर्षं कितीतरी माणसांनी त्यांचा दोर धरला होता, पण इतका नीट कोणी धरला नव्हता.

वर येऊन ते गवतावर बसले. धाप ओसरली. घड्याळजी बुंध्यापाशी तसेच उभे होते, दोर मुठीत.

"म्हणा की आता," ते म्हणाले.

"काय?"

"दोर सोडा म्हणून."

दोरकाका बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागले. "नाही म्हणत."

"माझे हात दुखतायत, साडूबुवा."

"दुखू द्यात." त्यांना वर बघवेना. घळीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "मी चुकलो. घरटी पाडली ती चूक, आणि तुम्हाला बोललो ती त्याहून मोठी. तुमच्या चहाला चव नसते, पण मी रोज पितो ना? ताई गेल्यावर मला संध्याकाळी जायला तुमच्याशिवाय दुसरी जागा नाही. तुम्ही जाऊ नका."

 घड्याळजींनी नाक ओढलं. "आणि पोरगं, सून, बाळ?"

"अडगळीची खोली."

"ती? त्या खोलीला हात लावला की तुम्ही अंगावर धावून येता."

"अर्धी आज निघाली. उरलेली उद्या काढतो."

"छताला ओल आहे तिथे."

"छप्पर घालता येतं मला," दोरकाका म्हणाले, आणि मग घड्याळजी हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

धाकटीला घरी चैन पडत नव्हतं. दोघे म्हातारे दोर घेऊन गेलेत हे कळल्यावर ती माडीवर धावली होती, दुर्बीण खोक्यातून काढून तिने तिपाईवर चढवली होती, आणि झाकण काढायचं राहिलं हे कळायला तिला जरा वेळ लागला होता. नंतर तिने सगळं बघितलं. टोपल्या बघितल्या. काठावर दोघांना बघितलं. आणि शेवटी पुलावरून येताना बघितले: पुढे आपला नवरा, मागे भाऊजी, आणि मधे दोर. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, आणि हे दोघे गंभीर चेहऱ्याने चालत होते.

"हे काय?" ती दारात म्हणाली. "अजून बांधलेलेच?"

"यांनी सोडा म्हटलंच नाही," घड्याळजी म्हणाले. "नियम आहे."

धाकटीने पुढे होऊन नवऱ्याच्या कमरेची गाठ स्वतः सोडली. गाठ घट्ट होती आणि तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. "तुमच्या टोपलीतली एक काडी डोमकावळ्याने आत्ताच पळवली," ती नवऱ्याला म्हणाली. इतक्या दिवसांत तिने थेट त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "घरटं नीट करायला घेतलंय त्याने."

"माझी काडी?" दोरकाका म्हणाले. "चोर कुठला."

"आयतोबा," घड्याळजी म्हणाले.

शनिवारी सामानाची गाडी ठरल्या वेळी आली. ड्रायव्हरने विचारलं, सामान कुठलं? धाकटीने त्याला अडगळीच्या खोलीकडे नेलं. पहारी गेल्या, पुल्या गेल्या, साखळ्या गेल्या, फुटकी हेल्मेटं गेली. दोरकाका अंगणात पाठ करून उभे होते, आणि एकेक वस्तू गाडीत पडल्याचा आवाज आला की ती कुठली ते न बघता ओळखत होते. वर घड्याळजी घड्याळं परत लावत होते. एकेक टोला वाढत गेला.

त्याच आठवड्यात ससाणी काळ्या चिरेतल्या टोपलीत बसलेली दिसली. डोमकावळ्यांनी आपलं घरटं सावरलं आणि उशिरा का होईना, पुन्हा अंड्यांवर बसले. दोन्ही घरं इतकी जवळ होती की रोज सकाळी शिवीगाळ व्हायची, आणि मग ज्याचा तो आपल्या जागी जायचा.

गाडीत एकच वस्तू दोरकाकांनी जाऊ दिली नव्हती. तो राखणीचा दोर. संध्याकाळी त्याचं वेटोळं घेऊन ते माडीवर आले आणि दोन घड्याळांच्या मधल्या खिळ्याला त्यांनी ते अडकवलं.

"हा इथे कशाला?" घड्याळजींनी विचारलं.

"असू दे," दोरकाका म्हणाले, आणि दुर्बिणीपाशी बसले. "मी अजून सोडा म्हटलेलं नाही."